लाभ, दोन, तीन

अमरावतीच्या धर्मेंद्र तायडेला लिहून चिकटवायची भारी खोड. त्याच्या घरात शिरलं की दारामागे 'चपला ओळीत ठेवाव्या', मोटरच्या बटणाजवळ 'टाकी भरली की बंद', शेगडीच्या वर 'आधी सिलिंडर बंद, मग शेगडी'. बायको ज्योत्स्ना या चिठ्ठ्यांमधून अशी वावरायची की जणू भिंती कोऱ्याच आहेत. टाकी आठवड्यातून दोनदा तरी वाहायची आणि शेजारीण ओरडायची. धर्मेंद्र खाली येऊन ती चिठ्ठी पुन्हा वाचायचा. अक्षर स्वच्छ, शब्द सोपे, चूक कुठेच नाही. मग माणूस चुकतो कसा, हे कोडं त्याला चाळिशी उलटली तरी सुटलेलं नव्हतं.

ही खोड बापाकडून आली होती. डोमाजी तायडे बार्शीटाकळीच्या शाळेत शिपाई होते, पण अक्षर असं वळणदार की फळ्यावरचा सुविचार हेडमास्तर त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. "बोललेलं हवेत जाते पोरा, लिवलेलं रायते," असं ते म्हणायचे. त्यांच्या घरात देव्हारा नव्हता. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि खाली पुस्तकांची फळी. पाय लागला तर पुस्तकाला नमस्कार करायचा, एवढंच काय ते घरचं कर्मकांड. असल्या घरातला पोरगा लिहिलेल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

पोटापाण्याचा धंदाही त्याला तसाच मिळाला. कापसाच्या जिनिंगमध्ये गाड्यांचं वजन करायला जो मोठा भुईकाटा असतो, त्याला जोडायचं सॉफ्टवेअर कुठल्याशा लांबच्या कंपनीचं. ते अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत बसवायचं आणि काट्यावरच्या माणसाला शिकवायचं, हे धर्मेंद्रचं काम. कंपनी सोबत एक जाड पुस्तक द्यायची, इंग्रजीत. ते पुस्तक प्रत्येक जिनिंगमध्ये टेबलाचा हलता पाय सावरण्याच्या कामी यायचं. म्हणून धर्मेंद्रने एका पानाचा मराठी तक्ता केला. सात ओळी, लॅमिनेशन, वर भोक पाडून दोरी. काट्यापाशी लटकवा आणि बघून बघून काम करा. सगळीकडे त्याचं कौतुक झालं.

त्या सातांत पहिली ओळ सगळ्यांत महत्त्वाची होती: 'गाडी भरलेली की रिकामी, ते आधी निवडा.' कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, कापूस उतरवून झाला की रिकामी तोलतात, वजाबाकी केली की कापूस. त्या सॉफ्टवेअरला मात्र एक दीडशहाणपणा होता. एक भरलेली गाडी झाली की पुढची रिकामीच येणार, असं धरून ते आपलं आपणच पालटायचं. एक आत, एक बाहेर असा क्रम चालला तर सगळं बरोबर. लागोपाठ दोन भरलेल्या आल्या आणि तुम्ही निवडलं नाही, की दुसरी भरलेली रिकामी म्हणून चढायची, वजाबाकी उलटी व्हायची आणि झालाच घोटाळा. हे कंपनीला कळवलं होतं. पुढच्या वेळी सुधारू, असं उत्तर आलं होतं आणि ती पुढची वेळ अजून यायची होती.

धामणगाव रेल्वे या गावात केशवरावांच्या जिनिंगमध्ये काट्यावर नत्थुजी होते. अर्धं आयुष्य त्याच खुर्चीवर गेलेलं. आधी वजनं टाकायचा काटा, मग घड्याळाच्या काट्याचा, आता कॉम्प्युटर. पंचक्रोशीतले शेतकरी मालकाला एखाद्या वेळी विसरतील, पण काट्याच्या खिडकीपाशी "रामराम नत्थुजी" म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. शिकवायला धर्मेंद्र गेला तेव्हा नत्थुजी फाटकातून आत येणारे ट्रॅक्टर मोजत होते, "लाभ, दोन, तीन, चार."

"लाभ म्हणजे?" धर्मेंद्रने विचारलं.

"धान्य मोजनारे मापारी लोक एक नाई म्हणत सायेब. पयलं माप देवाचं. लाभ म्हनाचं, मंग दोन."

धर्मेंद्रला ते फार आवडलं. अशा गोष्टी त्याला आवडायच्या, आणि आवडून झाल्या की तो त्या विसरायचा. दुपारभर त्याने सातही ओळी समजावल्या, नत्थुजी दर ओळीला "समजलं जी" म्हणाले, आणि तो शेवटच्या गाडीने अमरावतीला परतला.

दसऱ्याला मुहूर्ताचा कापूस आला आणि दोन दिवसांत फोन वाजला. केशवराव होते. "तायडेभाऊ, तुमचं मशीन येडं झालं काय? कास्तकाराचा कापूस उणे बावीस क्विंटल दाखवून राहिलं. तो मले विचारते, मीच तुमाले कापूस देणं लागतो काय म्हणून."

धर्मेंद्रला कारण तिथल्या तिथे कळलं. त्याने नत्थुजींना फोन द्यायला सांगितलं. "नत्थुजी, एक नंबरची ओळ करता ना?"

"पयलं त रोजच करतो जी. हात जोडून करतो."

हात जोडून, म्हणजे अगदी मनापासून, असं धर्मेंद्र समजला. मग चुकतं कुठे? तो फोन ठेवून बसला आणि गोंधळला. इतर जिनिंगमध्ये हाच तक्ता, हेच सॉफ्टवेअर, आणि कुणाचा कापूस उणे होत नव्हता. गंमत म्हणजे धामणगावलाही गर्दी नसली की सगळं बरोबर यायचं. गर्दी झाली की पुन्हा उणे.

बहुतेक अक्षर लहान पडत असेल, असं त्याने ठरवलं. नत्थुजींचे डोळे आता साठीला टेकलेले. म्हणून दुसरा तक्ता केला. पहिली ओळ सगळ्यांत वर, एकटी, पिवळ्याधमक चौकटीत, लाल ठळक अक्षरात. आंधळ्यालाही दिसेल असा. तो एस.टी.च्या पार्सलने पाठवला आणि फोन करून विचारलं, "लावला का?"

"लावला जी. मोठ्या बाईले लय आवडला. त्या पोरानं जागा पिवळी करूनच पाठवली म्हने." मोठ्या बाई म्हणजे केशवरावांच्या आई, दुर्गाबाई.

पिवळ्या रंगाचं म्हातारीला एवढं काय कौतुक, हे धर्मेंद्रला कळलं नाही. पण कौतुक ते कौतुक. तीन दिवस चांगले गेले, कारण तीन दिवस कापूस थोडा आला. चौथ्या दिवशी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली आणि संध्याकाळपर्यंत सहा जणांचा कापूस उणे झाला. त्यातल्या एकाने काट्याच्या खिडकीवर काठी आपटली. नत्थुजींच्या खिडकीवर काठी आपटण्याची ही पहिलीच वेळ होती.

"माणसाला वाचायचाच कंटाळा," धर्मेंद्र ज्योत्स्नाला म्हणाला. "चित्र काढतो आता."

"तुमी लिवता लय," ज्योत्स्ना भाजी निवडत म्हणाली, "जाऊन काहून नाई पाहत?"

"दहा ठिकाणी काटे आहेत माझे. एका कागदासाठी दिवस घालवू?"

तिसऱ्या तक्त्यासाठी त्याने परतवाड्याच्या एका मुलाकडून कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं रंगीत चित्र काढून घेतलं. ते पहिल्या ओळीच्या जागी वर, पानाचा तिसरा हिस्सा व्यापून. ट्रॉलीच्या पोटावर 'भरलेली?' आणि शेजारी बारीक ट्रॉलीवर 'रिकामी?'. आता चुकणं शक्यच नव्हतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तक्ता धामणगावला पोहोचला आणि नत्थुजींनी फोनवर सांगितलं की असा कागद जिनिंगमध्ये आजवर आला नाही, लक्ष्मीपूजनाला साऱ्यांनी पाहिला.

दिवाळी झाली आणि घोटाळा दुप्पट झाला.

आता मात्र धर्मेंद्रचं डोकंच चालेना. तो रात्री जेवताना मध्येच थांबायचा. व्होल्टेज असेल का? कीबोर्डचं बटण अडकतं का? त्याने स्क्रीनचे फोटो मागवले, पावत्यांचे फोटो मागवले, प्लगचाही मागवला. तक्त्याचा फोटो मागावा, असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आपण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू कशी दिसते, हे दुसऱ्याला कोण विचारतो? मग एक वाईट शंका मनात शिरली. म्हातारा मुद्दाम तर करत नसेल? जुना काटा परत यावा म्हणून? शंका आली, आणि एकदा आली की ती जाईना. पुढचा फोन त्याने जरा तुटकच केला. "नत्थुजी, खरं सांगा, पहिली ओळ करता की नाही?"

"मी खोटं कायले बोलू सायेब," नत्थुजी म्हणाले. "देवाची शपत, पयलं चुकवत नाई. बाकीचं दोनपासून सातपर्यंत बोट ठेवून करतो. मलेच समजून नाई राहिलं काय होते ते."

दुसऱ्या दिवशी केशवरावांचा फोन. आवाज शांत होता आणि त्याचीच धर्मेंद्रला भीती वाटली. "तायडेभाऊ, कास्तकार आता माझा फाटा टाळून पुढच्या जिनिंगले चालले. सोमवारपासून अकोल्याचा एक शिकलेला पोट्टा काट्यावर बसवतो. नत्थुजीले फाटकावर ठेवतो. काढून टाकत नाई. स्टूल देईन, शिट्टी देईन."

धर्मेंद्रच्या डोळ्यापुढे ते स्टूल आलं. ज्या माणसाला रामराम केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती, तो आता गाड्यांना शिट्टी मारून बाजूला घेणार. आणि हे कुणामुळे? सॉफ्टवेअर आपण विकलं, कागद आपला. शनिवारी सकाळी तो धामणगावच्या गाडीत बसला. चूक सापडेल, याची त्याला खात्री नव्हती. नुसतं घरी बसवेना, म्हणून निघाला.

फाटकाशी स्टूल आलेलंच होतं. नवं, प्लॅस्टिकचं, निळं. त्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. काट्याच्या खोलीत नत्थुजी खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, जणू ती खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे. दाढी वाढलेली. त्यांनी उठून धर्मेंद्रला पाणी दिलं आणि शंकेखोर फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे धर्मेंद्रला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

"माझ्यासमोर एक गाडी करून दाखवा," तो म्हणाला. "तक्त्यावर बोट ठेवून."

बाहेर भरलेली ट्रॉली काट्यावर चढली. नत्थुजी भिंतीकडे वळले, तक्त्यापुढे दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटले, "लाभ." मग डोळे उघडून दोन नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि गाडीचा नंबर टाकायला लागले.

धर्मेंद्र भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या तक्त्यावर वरचं चित्र नव्हतंच. तिथे हळदीकुंकवाचं तळहाताएवढं स्वस्तिक होतं, त्यावर चिकटलेल्या अक्षता, आणि चारी बाजूंनी वाळलेल्या झेंडूचा हार. ट्रॉलीचं एक चाक तेवढं हाराखालून दिसत होतं. वाहनाचं चित्र, दिवाळीचा दिवस. मोठ्या बाईंनी वाहनाची यथासांग पूजा केली होती. त्याने तो तक्ता उचलून बघितला. त्याच खिळ्याला मागे दुसरा होता. पिवळी चौकट, आणि चौकटीत नेमकं बसवलेलं स्वस्तिक. लाल अक्षरं लाल कुंकवाखाली. त्याच्या मागे पहिला, दसऱ्याचा. त्यावरही वर गंध, खाली सहा ओळी. त्याने जितकी जागा पहिल्या ओळीला जास्त दिली, तितकी देवाला जास्त मिळत गेली होती.

"हे कोणी केलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"मोठ्या बाईनं." नत्थुजींना प्रश्नच कळला नाही. "काट्यावर नवी वस्तू आली की त्यायच्या हातचं हळदकुंकू लागते. नवा पट्टा असो, नवी दोरी असो. त्याबिगर वापरत नाई आमी."

"अहो पण खाली अक्षर होतं. एक नंबरची ओळ होती."

"असन जी. कागदावर वर देवाचंच नाव रायते ना. लग्नाची पत्रिका पाहा, दुकानाचं बिल पाहा. कामाचं खालून सुरू होते." नत्थुजी थांबले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "तिथं कामाचं होतं काय?"

धर्मेंद्रने पहिली ओळ तोंडाने सांगितली. नत्थुजी खुर्चीत मागे टेकले. "तुमी तवा सांगतलं असन, ध्यानात नाई रायलं. आमी मापारी," ते म्हणाले. "कागद दोनपासून सुरू झाला त मले वाटलं, पोट्टा शाना हाय, लाभाची जागा सोडली."

धर्मेंद्रला हसू येत होतं आणि त्याच वेळी स्वतःच्या दोन कानाखाली माराव्यात असंही वाटत होतं. लाभ, दोन, तीन त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, याच खोलीत. त्याच्या घरात कागदावर कुंकू लावायची रीत नव्हती, म्हणून ते त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्याने रुमाल काढला, हाराकडे हात नेला आणि पुन्हा खाली घेतला. हे पुसायचं कुणी? त्याने पुसावं, तर शोभत नव्हतं. नत्थुजींनी मालकाच्या आईच्या हातचं कुंकू पुसणं तर या जन्मात शक्य नव्हतं.

तेवढ्यात केशवराव दारात आले. "सापडलं काय?"

"सापडलं," धर्मेंद्र म्हणाला. "चूक कागदाची आहे. म्हणजे माझी. कामाची ओळ मी अशा जागी लिहिली, जिथं तुमच्याकडे कोणी कामाचं लिहीत नाही."

केशवरावांनी एकेक तक्ता उचलून पाहिला. दसऱ्याचा नारळ त्यांनीच फोडला होता. दिवाळीचा हार त्यांनीच खिळ्याला अडकवला होता, आईचा हात पुरत नव्हता म्हणून. त्यांनी तक्ते होते तसे परत खिळ्याला टांगले. बाहेर रांगेतल्या एकाने हॉर्न दाबून धरला.

धर्मेंद्रने सरकीच्या पोत्यावरचा एक पुठ्ठा फाडला. वर चार बोटं जागा कोरी सोडली. खाली मार्करने लिहिलं: 'दोन. गाडी भरलेली की रिकामी, ते निवडा.' मग तीन, चार, असं आठपर्यंत. एक नंबर कुठेच नाही. पुठ्ठा त्याने टेबलावर उभा केला. "आज संध्याकाळपर्यंत यावर करू द्या," तो केशवरावांना म्हणाला. "एकही पावती उणे निघाली, तर सोमवारी तो अकोल्याचा मुलगा बसवा."

ती रांग शनिवारची होती, म्हणजे सगळ्यांत लांब. भरलेल्यामागे भरलेल्या. नत्थुजींनी पुठ्ठ्याच्या कोऱ्या जागेला हात जोडले, "लाभ" म्हटलं, दोनवर बोट ठेवलं. केशवराव खिडकीबाहेर पावत्या हातात घेऊन बघत उभे. रिकाम्या गाड्या परतायला लागल्या, वजाबाक्या निघायला लागल्या, आणि प्रत्येक कापूस सरळ कापसासारखा निघाला. काठी आपटणारा तो शेतकरीही रांगेत होता. पावती घेऊन त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "रामराम नत्थुजी." नत्थुजींनी खुर्चीतूनच हात वर केला.

संध्याकाळी केशवरावांनी अकोल्याला फोन लावला. "नोको येऊ," एवढंच म्हणाले. निळं स्टूल त्यांनी स्वतः उचललं आणि पाण्याच्या रांजणाखाली ठेवलं.

पंधरा दिवसांनी धर्मेंद्र नवा, लॅमिनेशन केलेला तक्ता घेऊन स्वतः गेला. पार्सलवर आता त्याचा भरवसा नव्हता. वर कोरी जागा, खाली दोन ते आठ. दुर्गाबाईंनी ताट आणलं, चष्मा सावरून जागा निरखली आणि खूष झाल्या. तो चहा घेऊन येईपर्यंत पूजा आटोपली होती.

तक्ता बघून तो पुन्हा गोंधळात पडला. स्वस्तिक होतं, पण कोऱ्या जागेच्या डाव्या अर्ध्यातच, जरा दाटीवाटीने. उजवा अर्धा भाग स्वच्छ. तिथे हळदीचा एक थेंब उडाला होता, तो नत्थुजी शर्टाच्या बाहीने पुसत होते.

"हे अर्धं काहून कोरं ठेवलं?" धर्मेंद्रने विचारलं. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडून बार्शीटाकळीची बोली निघाली.

"ते तुमचं हाय," नत्थुजी म्हणाले. "मोठ्या बाई म्हने, कागद त्यानं लिवला, सारं आपलंच काहून भरावं. त्याच्या घरचं काय असन ते त्यानं लावावं."

धर्मेंद्रने खिशातून मार्कर काढला. उभ्या जन्मात त्याने दाराला, मोटरला, शेगडीला, दहा जिनिंगला लिहून दिलं होतं. त्या वीतभर जागेसमोर मात्र त्याला एक शब्द सुचेना. वडिलांचं अक्षर आठवलं, फळ्यावरचं. त्यांनी काय लिहिलं असतं, तेही आठवेना. बाहेर ट्रॉली काट्यावर चढली. नत्थुजींनी हात जोडले, लाभ म्हटलं, मग मान किंचित उजवीकडे वळवून त्या कोऱ्या अर्ध्यालाही नमस्कार केला आणि दोनवर बोट ठेवलं.

धर्मेंद्रने मार्करचं टोपण लावलं आणि चहाचा कप उचलून बाजूला सरकला, नत्थुजींना तक्ता नीट दिसावा म्हणून.